हळद, लग्न, होमस्टे : कुठलं विदेशी संगीत कधी मागावं?

साउंड-लाइट भाड्याने घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बुकिंग करताना हल्ली बरेच जण सांगतात, "थोडं इंग्लिश पण लावा, नाचायला." त्यात बरेच प्रकार येतात आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. म्हणून हा कागद.

सोल : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांतून १९५० च्या दशकात घडलेलं गाणं. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे उचलतात; डबलबारीच्या भजनात बुवांच्या मागे कोरस झील धरतो, अगदी तसं. १९५९ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालेल्या मोटाऊन कंपनीने ते घरोघरी नेलं. जेवणं चालू असताना यासारखं दुसरं नाही. पाय हलायला हवे असतील तर फंक मागा, सोलचाच नाचरा भाऊ. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने त्यात सगळा जोर पहिल्या मात्रेवर, समेवर आणला.

रेगे : जमैकाचं. याच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात समेची जागा ड्रमर रिकामी सोडतो, घाव पडतो तिसऱ्या मात्रेवर. किनाऱ्यावरच्या होमस्टेला उत्तम. हळदीला लावाल तर मंडळी खुर्च्या शोधतील.

डिस्को, हाउस : चारही मात्रांवर सारखा ठोका. डिस्को १९७० च्या दशकातलं. ते ओसरल्यावर शिकागोच्या वेअरहाउस क्लबात डीजे फ्रँकी नकल्सच्या हाताखाली हाउस आकाराला आलं. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. शिमग्यात ढोलावर नाचलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

आमापियानो : दक्षिण आफ्रिकेचं, चाल संथ. चाकरमान्यांची मुलं हमखास मागतात. यातला 'लॉग ड्रम' हा खर्जातला आवाजच खरी गंमत, आणि तो नुसत्या टॉपवर (वरच्या स्पीकरवर) लागत नाही. दोन बेस (खर्जाचे स्पीकर) घ्याच. खळं मोकळं असेल तर बेस भिंतीला टेकवून ठेवतो, दणका वाढतो.

साल्सा जोडीने नाचायचं. शिकलेली जोडी नसेल तर एखादंच गाणं पुरे. पोर्तुगालचं फाडो ऐकायला सुंदर, पण मांडवात नको.

गाण्यांची यादी दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, गायकाच्या नावासकट. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा नाचाची गाणी साडेआठलाच सुरू करू. दहाला मशीन बंद होणार. नवरदेवाच्या मामांनी सांगितलं तरी.