विषुववृत्ताशेजारचा बर्फ

१६२३ साली यान कार्स्टेन्झ हा डच दर्यावर्दी न्यू गिनी बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून चालला होता. ढग हटले आणि त्याला आत दूरवर पांढरीशुभ्र शिखरं दिसली. बर्फ, तोही विषुववृत्तापासून चार अंशांवर! युरोपात त्याचं हसं झालं, असं सांगतात. हसणाऱ्यांना तरी काय बोलावं? ही डोंगररांग बहुतेक वेळ ढगांतच दडलेली असते.

हिशोब मात्र साधा आहे. किनाऱ्यावर २८ अंश सेल्सियस तापमान धरा. वर जाताना दर हजार मीटरला साधारण ६ अंश कमी होतात. इथलं पुंचाक जाया हे शिखर ४,८८४ मीटर उंच, जगातल्या कुठल्याही बेटावरचं सर्वांत उंच. म्हणजे गेले २९ अंश; उरलं शून्याच्या जरासं खाली. खाली खारफुटी, वर बर्फ, आणि मध्ये अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर.

एवढी उंची आली कुठून? बेट म्हटलं की आपल्याला ज्वालामुखी आठवतो. पण या शिखराचा दगड चुनखडीचा आहे, उथळ समुद्रात जीवांची कवचं थरांवर थर साचून तयार झालेला. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग ही त्याचीच पुढची कड. उत्तरेकडून आडव्या आलेल्या भूपट्टांशी तिची टक्कर झाली, तसे तळाचे थर चुरगळले, एकमेकांवर चढले आणि उचलले गेले. थोडक्यात, त्या बर्फाखाली जुना समुद्रतळ आहे.

मला जास्त नवल वाटतं ते मधल्या उंचीवरच्या दऱ्यांचं. बाहेरच्यांची समजूत अशी की बेटाचा गाभा निर्मनुष्य असणार. १९३८ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या विमानातून बालिएम खोरं दिसलं, तर खाली आखीव शेतं आणि पाण्याचे चर! तसं नवलही नको. दीड हजार मीटरच्या वर हवा गार, डास कमी, त्यामुळे किनाऱ्यावरच्या हिवतापाचा जाच इथे फारसा नाही. याच उंचीवर, पूर्वेकडच्या कुक दलदलीत, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा सापडल्या आहेत.

बर्फाचं मात्र अवघड झालंय. शून्याला इतकं खेटून राहिल्यावर एखाददुसरा अंशही भारी पडतो. १८५० च्या सुमारास इथे २० चौरस किलोमीटरांच्या आसपास बर्फ होता. २०१८ पर्यंत अर्धा चौरस किलोमीटरही उरला नव्हता. २०१० मध्ये हिमनद्यांचे अमेरिकन अभ्यासक लॉनी थॉम्प्सन यांच्या चमूने खडकापर्यंत भोक पाडून बर्फाचा ३२ मीटर लांबीचा नमुना काढला. छावणी दोनेक आठवडे होती. तेवढ्यात बर्फाचा पृष्ठभाग ३० सेंटीमीटर खचला, आणि हिमनदीवर रोज पडत होता तो पाऊस.