बेळगावचा किल्ला : ‘रट्ट’ कोण आणि १२०४ साल कशाचे

‘बेळगावचा किल्ला रट्टांनी १२०४ मध्ये बांधला.’ शाळेच्या सहलीत हे वाक्य कानावर पडते आणि पुढे गावाकडच्या पाहुण्यांना किल्ला दाखवताना आपणही तेच सांगतो. सीमावादाच्या सभांतही ते निघते. पण त्यातले ‘रट्ट’ आणि ‘१२०४’ हे दोन्ही शब्द नीट तपासून घ्यायला हवेत.

आधी साल. ते किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराशी निगडित दोन शिलालेखांवरून आले आहे. लेख आज बेळगावात नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन वेणुग्रामाहून, म्हणजे आजच्या बेळगावाहून, कारभार पाहत असताना बीच नावाच्या मंत्र्याने ‘रट्ट जिनालय’ उभारले आणि त्याला जमिनी दान दिल्या, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे हे साल देवळाचे. देऊळ शांतिनाथांचे म्हणून उभे राहिले, आज आपण दर्शन घेतो ते नेमिनाथांचे. छतातले दगडी कमळ मात्र अजून तसेच आहे, त्याच्याखाली मान वर करून उभे राहिले की बस्तीला हे नाव का पडले ते विचारावे लागत नाही.

राजधानीला काही ना काही कोट असणारच. पण आज ज्या तटावरून आपण खंदकात डोकावतो, त्याचा बराचसा भाग पुढच्या काळातला आहे. याकूब अली खानाने हा तट पायापासून दगडात बांधला, असे सांगणारा फारसी लेख किल्ल्यात आहे. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगडही बसवलेले दिसतात. बीचाचे साल आणि खानाचा तट एकाच वाक्यात कोंबून आपण दोघांवरही अन्याय करतो.

आता ‘रट्ट’. खरा गुंता इथे आहे. हे घराणे मूळ सौंदत्तीचे, म्हणजे सुगंधवर्तीचे. आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे ठाणे वेणुग्रामात आले. ते स्वतःला राष्ट्रकूटांचे वंशज म्हणवत आणि ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ अशा अर्थाचे बिरुद मिरवत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या लिखाणात यावरून थेट उडी घेतली जाते : रट्ट, महारट्ट, मराठा, म्हणून किल्ला मराठ्यांचा. पलीकडचे कन्नड लेखक बोट ठेवतात ते लेखांच्या भाषेवर. ती कन्नड आहे, मधून संस्कृत श्लोक. म्हणून त्यांच्या मते रट्ट कन्नड, आणि विषय संपला.

दोन्ही बाजू अर्धेच वाचतात. लट्टलूरचे बिरुद रट्टांच्याही आधी राष्ट्रकूट लावत होते. रट्टांनी ते वंशाच्या अभिमानाने उचलले. लातूरहून कुणी काल-परवा निघून इथे आले, असे त्यावरून ठरत नाही. पण लेख कन्नड आहेत म्हणून लातूरचा धागा पुसून टाकणे हेही मान्य करता येणार नाही. तेराव्या शतकातल्या राजाला आजच्या दोन राज्यांपैकी एकात बसवण्याचा हट्टच मुळात चुकीचा आहे. तरी आपल्या बाजूची चूक आपण आधी दुरुस्त करावी. बिरुद दाखवताना लेखाची भाषा झाकू नये.

रट्टांनंतरचा काळ धावपळीचा. देवगिरीच्या यादवांनी तेराव्या शतकातच त्यांची सत्ता संपवली. मग विजयनगर. १४७२ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावानने वेढा घालून किल्ला जिंकला. खंदक बुजवायचा प्रयत्न फसल्यावर तटाखाली सुरुंग उडवला, आणि दख्खनला तोवर ही विद्या ठाऊक नव्हती, असे फारसी तवारिखा सांगतात. आदिलशाहीत असदखान लारी इथे इतका प्रबळ झाला की विजापूरलाही त्याची मनधरणी करावी लागे. तो १५४९ मध्ये वारला. मोगलांनी शाहजादा आझमवरून गावाचे आझमनगर केले, ते टिकले नाही. पेशवाईचा शेवटही या तटाने पाहिला. मार्च १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने वेढा घातला आणि शिबंदी सुमारे तीन आठवडे लढली. १० एप्रिलला किल्ला पडला. त्या शिबंदीची आठवण गावात फारशी कुणी काढत नाही, याचे वाईट वाटते.

इंग्रजांनी शेजारी लष्करी छावणी वसवली आणि आपल्या बोलण्यात ‘कॅम्प’ आला. लष्कर अजून आहे. दारातल्या दुर्गेला नमस्कार करून आत शिरले की बस्ती, मशीद आणि रामकृष्ण आश्रम एकाच फेरीत पाहून होतात.

नावाचा वाद सर्वांत ताजा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आले, तेही सीमाभाग ज्या दिवशी काळा दिन पाळतो त्याच तारखेला. जुन्या लेखांत वेणुग्राम आहे, वेळुग्रामही आहे. वेळू म्हणजे बांबू, हा शब्द आपल्या बुरुडांच्या रोजच्या कामातला. आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ करणे ही कन्नडची जुनी सवय. वेळूचे ‘बेळ’ झाले ते असे. आपण तोंडाने बेळगावच म्हणतो आणि पुढेही तेच म्हणू.