घरून काम करताना मन का लागत नाही? थोडी पार्श्वभूमी

घरून काम करताना मन लागत नाही, म्हणून पुण्यातले कितीतरी जण स्वतःलाच आळशी ठरवतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. तो कसा, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

घर आणि कामाची जागा एकच असणं पुण्याला नवं नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी राहत्या घरांलगतच घडत आली. पण तिथे कारागीर एकटा नसतो. ठोके शेजारूनही ऐकू येत असतात.

कार्यालयीन काम घरून किंवा घराजवळून करण्याचा विचार अमेरिकेत १९७३च्या सुमारास जॅक नाइल्स या संशोधकाने मांडला. रोजचा लांबचा प्रवास वाचावा, हा हेतू. त्यांचा भर मात्र घरापेक्षा घराजवळच्या छोट्या कार्यालयांवर होता.

पुढचा गाजलेला प्रयोग २०१०-११मधला, शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला. स्वतःहून तयार झालेले २४९ कर्मचारी त्यात होते. स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड हवंच, अशी अट होती. त्यांतल्या सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातले चार दिवस घरून आणि एक दिवस कार्यालयात काम दिलं. नऊ महिन्यांत त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळेच सांगतात. त्यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: नंतर निवडीची मुभा मिळाली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्यामागचं मोठं कारण.

आपल्याकडे तर नियमच आडवे होते. कॉल सेंटरसारख्या सेवांना घरून काम द्यायचं तर दूरसंचार विभागाकडे अनामत ठेवावी लागे. ९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात आढळले. १३ मार्चला ती अट तात्पुरती शिथिल झाली आणि २५ तारखेपासून टाळेबंदी. बघता बघता आयटी कंपन्यांची हिंजवडी घराघरांत आली. ना निवड, ना वेगळी खोली. वन-बीएचकेमध्ये नवरा-बायकोच्या दोन मीटिंग, मुलांची ऑनलाइन शाळा आणि स्वयंपाकघरातला कुकर, सगळं एकाच वेळी. जिथे हा प्रयोग यशस्वी झाला, तिथल्या अटी इथे कुणी पाळल्याच नव्हत्या, आणि ती घडी अजूनही अनेक घरांत तशीच आहे.

बाणेर-कोथरूडकडे आता को-वर्किंगमध्ये, म्हणजे सामायिक कार्यालयात, टेबल भाड्याने घेऊन बसणारे दिसतात. नाइल्स यांच्या मूळ कल्पनेच्या ते बरंच जवळ आहे. कार्यालयाची जागा वाचवणाऱ्या कंपन्यांनी निदान त्या टेबलाचं भाडं तरी द्यायला हवं.