नीतिमूल्ये, मराठी साहित्यातील : मुंबईची परंपरा

वाचकाच्या बऱ्यावाईटाच्या जाणिवेला साहित्यकृतीतून जे आवाहन होते आणि त्यामागे जो मूल्यविचार असतो, त्यास साहित्यातील नीतिमूल्ये म्हणतात. सत्य, दया, न्याय, कृतज्ञता, श्रमाची प्रतिष्ठा ही त्यांची परिचित नावे. प्रस्तुत नोंदीत मुंबईत छापल्या गेलेल्या किंवा मुंबईच्या जीवनातून उभ्या राहिलेल्या मराठी साहित्यापुरताच हा विचार केला आहे. संतवाङ्मयातील नीतिविचार हा स्वतंत्र विषय असल्याने त्याचा येथे केवळ अनुषंगाने उल्लेख येतो.

साहित्याने उपदेश करावा का, ही चर्चा संस्कृत काव्यशास्त्राइतकी जुनी आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची जी सहा प्रयोजने सांगितली, त्यांत ‘कान्तासम्मित उपदेश’ हे एक आहे. टीकाकारांनी उपदेशाचे तीन प्रकार मानले : वेदादींचा प्रभुसंमित, म्हणजे आज्ञेसारखा, पुराणेतिहासांचा सुहृत्संमित, म्हणजे मित्राच्या सल्ल्यासारखा, आणि काव्याचा कांतासंमित, म्हणजे रस निर्माण करून मन वळवणारा. मराठी समीक्षेत पुढे या वादाला पाश्चात्य वळण लागले, तरी ही त्रिविध विभागणी आजही उपयोगी पडते. उपदेश कोण करतो यापेक्षा तो कोणत्या रीतीने होतो, याला तीत महत्त्व आहे.

नीतिकथांचे मूळ : मराठी शालेय वाचनाचा पाया ज्या कथांवर घातला गेला, त्यांच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पंचतंत्राचा काळ इ. स. पू. तिसरे शतक ते इ. स. पाचवे शतक अशा मोठ्या पट्ट्यात मानला जातो. ग्रंथारंभीच्या वंदनात चाणक्याचे नाव येते, म्हणून तो मौर्यकाळाच्या आधीचा असू शकत नाही. योहानेस हर्टेल यांनी आरंभी तो इ. स. पू. २०० च्या सुमारास नेला होता. मात्र कथांत ‘दीनार’ या मूळच्या रोमन नाण्याचा उल्लेख असल्याकडे ए. बी. कीथ यांनी लक्ष वेधले आणि इतका आधीचा काळ मान्य करण्यास हरकत घेतली. सहाव्या शतकाच्या मध्यास इराणच्या खुस्रो अनुशीर्वानच्या काळात पहलवी या जुन्या इराणी भाषेत भाषांतर झाले होते, हे निश्चित असल्याने ग्रंथ त्यापूर्वीचा ठरतो. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९२४ मध्ये विविध पाठांवरून मूळ संहितेची पुनर्रचना केली. ग्रंथाचे मूळ स्थान काश्मीर असावे असे हर्टेल मानत. एजर्टन यांचा कल दक्षिणेकडे होता. कथामुखात राजा अमरशक्तीचे महिलारोप्य नगर दाक्षिणात्य जनपदात असल्याचे म्हटले आहे, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. इसापच्या ग्रीक कथा आणि भारतीय प्राणिकथा यांचे नाते हाही जुना वाद आहे. टेओडोर बेनफाय यांनी १८५९ मध्ये असे मांडले, की इतर कथा भारतातून पश्चिमेला गेल्या, पण प्राणिकथा बहुतांशी ग्रीसकडून आल्या. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांचा अभ्यास वाढल्यावर या मताचा जोर ओसरला. दोन्हीकडे स्वतंत्र मौखिक साठा होता, असे मानण्याकडे आता कल दिसतो.

मुंबईचा या संशोधनाशी थेट संबंध आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातील गेओर्ग ब्यूलर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील फ्रान्त्स कीलहॉर्न यांनी ‘बाँबे संस्कृत सीरीज’ ही माला सुरू केली. तिचा पहिलाच ग्रंथ पंचतंत्राचा होता (१८६८–६९). त्यांनी निवडलेला पाठ पुढे ‘साधा पाठ’ म्हणून ओळखला गेला आणि कॉलेजांतून हाच पंचतंत्र शिकवला गेला. याच मालेत पीटर पीटरसन यांनी संपादिलेला हितोपदेश १८८७ मध्ये निघाला. काळबादेवीच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टाइपातील आवृत्त्यांनी हे ग्रंथ संस्कृत पाठशाळांपर्यंत पोहोचवले.

पंचतंत्रातील बोधाची जागा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तेथे श्लोक आधी येतो, तोही एखाद्या पात्राच्या तोंडी, वादात स्वतःची बाजू बळकट करण्यासाठी. ऐकणारा विचारतो, “कथमेतत्?” (हे कसे?) आणि मग कथा सुरू होते. दमनक हा कोल्हा सिंह आणि बैल यांची मैत्री फोडण्यासाठी अशाच सुंदर वचनांचा आधार घेतो. तिसऱ्या तंत्रात, म्हणजे भागात, कावळ्यांचा वृद्ध मंत्री स्वपक्षाने हाकलल्याचे सोंग घेऊन घुबडांच्या आश्रयास जातो. घरटे बांधण्याच्या निमित्ताने तो गुहेच्या तोंडाशी काटक्या रचत राहतो आणि शेवटी शत्रूला तेथेच जाळतो. ग्रंथ त्याचे कौतुकच करतो. राजपुत्रांना व्यवहार शिकवण्यासाठी हे ठीक होते. पण हीच सामग्री आठ-दहा वर्षांच्या मुलांपुढे ठेवण्याची वेळ आली, तेव्हा संकलकांना निवड करणे आणि बोध निश्चित करून देणे भाग पडले. मराठी नीतिकथेचे शालेय रूप या गरजेतून घडले.

पहिले मुद्रण : मराठीतील पहिले छापील नीतिकथांचे पुस्तक कोणते, याचे उत्तर ‘पहिले’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात सख्खन पंडितांनी केलेले इसापनीतीचे भाषांतर, बालबोध मुक्तावली, १८०६ च्या सुमारास छापले गेले. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने सिंहासनबत्तिशी (१८१४) आणि हितोपदेश (१८१५) निघाले. ते मोडी लिपीत होते. मुंबईत पंचोपाख्यान, विदुरनीती ही पुस्तके १८२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत छापली गेली. १८२२ मध्ये स्थापन झालेली शाळापुस्तक मंडळी पुढे ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यासाठी सदाशिव काशीनाथ (बापू) छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापनीती व बाळमित्र ही भाषांतरे केली. कालानुक्रमे मान तंजावरकडे जातो. परंतु तंजावर आणि श्रीरामपूर या दोन्ही ठिकाणची पुस्तके महाराष्ट्रातील सामान्य विद्यार्थ्याच्या हाती फारशी पडली नाहीत. शाळा, शिक्षक, छापखाना आणि पुढची आवृत्ती अशी अखंड साखळी मुंबईतच तयार झाली, म्हणून मराठी नीतिकथेच्या परंपरेचा आरंभ मुंबईपासून धरणे अधिक योग्य होय.

छत्र्यांचा बाळमित्र हा बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या लेखनाचा इंग्रजीवरून केलेला अनुवाद असला, तरी त्यातील संवाद मराठी घरातले वाटतात. इसापनीतीतील ‘तात्पर्य’ मात्र कथा संपल्यावर येते. प्राचीन ग्रीक संग्रहांत बोधवाक्य कधी कथेच्या आधी, कधी नंतर आढळते. आधी येणारी वाक्ये वक्त्यांना प्रसंगानुरूप कथा शोधता यावी म्हणून असावीत, असे काही अभ्यासक मानतात. शालेय पुस्तकाने शेवटची जागा पक्की केली. त्यामुळे कथा हा दाखला आणि तात्पर्य हा निकाल ठरला. हा बदल बाहेरून लहान दिसतो, पण मराठी वाचकाच्या अपेक्षांवर त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. कथा वाचून झाली की ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न आलाच पाहिजे, ही सवय त्यातून लागली.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३० च्या दशकात याच सोसायटीसाठी पाठ्यपुस्तके लिहिली. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध हे मासिक १८८१ पासून निर्णयसागरमधून निघू लागले. त्यात थोरांची चरित्रे, कविता आणि निबंध यांतून सद्गुणांचे शिक्षण दिले जाई. चरित्र हे नीतिशिक्षणाचे मुख्य साधन बनले ते या काळात.

याच सुमारास नीतीचा प्रश्न व्यक्तीच्या वर्तनाकडून समाजाच्या रूढींकडे वळला. बाबा पद्मनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीने विधवांची दुःखे मांडली. तीत धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे, परंतु दोष विधवेच्या पदरी न टाकता रूढीवर टाकणे हे त्या काळी धाडसाचे होते. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तुकारामांच्या अभंगांना उपासनेत स्थान दिले. सरकारी मदतीने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली तुकारामाची गाथा इंदुप्रकाश छापखान्यात दोन खंडांत छापली गेली (१८६९, १८७३). स्त्रियांसाठीच्या नीतिग्रंथांत आज्ञाधारकपणावर भर राहिला. पंडिता रमाबाईंचे स्त्रीधर्मनीति (१८८२) हेही बरेचसे त्या चौकटीतले आहे. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा मात्र त्यांची कृती त्या पुस्तकाच्या फार पुढे गेली होती.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या श्यामची आईला मराठी घरांत जे स्थान मिळाले, ते कोणत्याही नीतिपाठाला मिळाले नाही. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरते. पायांइतकेच मनालाही जपायला ती सांगते. येथेही तात्पर्य आहेच, पण ते ओल्या लुगड्यासकट येते. या पुस्तकावर भाबडेपणाचा आक्षेप घेतला जातो. तो घेताना हे विसरले जाते, की लेखकाने १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले होते. त्यांनी साधना साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईतून सुरू केले.

बोधवाद, कलावाद आणि न्यायालये : ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडलेला वाद सर्वश्रुत आहे. मुंबईत बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीची श्रेष्ठता लयतत्त्वांवर, म्हणजे तिच्या घटकांतील संवाद, विरोध व समतोल यांवर ठरते असे मांडून नीतीला सौंदर्यविचाराबाहेर ठेवले. त्याच मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करणारे रा. भा. पाटणकर यांनी सौंदर्यमीमांसा (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद (कला जीवनाशी जोडलेली) व अलौकिकतावाद (कला जीवनाहून स्वतंत्र) हे कलाविचाराचे दोन ध्रुव मानले आणि कोणताही एक सोडून देता येत नाही, असे प्रतिपादन केले. नीतिमूल्यांच्या संदर्भात ही भूमिका सर्वांत समाधानकारक आहे, कारण ती साहित्याला प्रवचनही होऊ देत नाही आणि जीवनापासून तोडूही देत नाही.

कायद्यानेही हा प्रश्न हाताळला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या श्यामा या कादंबरीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ च्या निकालात न्यायालयाने लेखकाला मुक्त केले. समकालीन समाजाचे निकष झपाट्याने बदलत आहेत, हे त्याने नोंदवले. लैंगिक उल्लेखमात्राने कादंबरी अश्लील ठरवली, तर तरुणांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असेही म्हटले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडर या नाटकावर परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने घेतलेल्या आक्षेपांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि निर्णय नाटकाच्या बाजूने लागला.

दलित व कामगार साहित्य : बोधवादी परंपरेला सर्वांत मूलगामी उत्तर गिरणगाव, माटुंगा लेबर कँप आणि कामाठीपुरा या वस्त्यांतून आले. त्याला वैचारिक आधार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. सिद्धार्थ कॉलेजच्या वतीने १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात, धर्मात ईश्वराला जे स्थान असते ते धम्मात नीतीला आहे, असे प्रतिपादन आहे. पुढल्याच वर्षी मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊ साठे यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली असल्याचे सांगितले. बाबूराव बागुलांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत नोकरीच्या गावी राहायला जागा मिळावी म्हणून एक तरुण जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. ‘खोटे बोलू नये’ हे शाळेतील पहिले तात्पर्य; येथे वाचक खोटे बोलणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो आणि ज्या व्यवस्थेत खरे बोलणे जिवावर बेतते, तिला जबाबदार धरतो. नारायण सुर्वे यांच्या कवितेत श्रमालाच प्रतिष्ठेचे मूल्य मिळाले. नामदेव ढसाळांच्या गोलपिठा (१९७२) या कवितासंग्रहाने सभ्य भाषेचे संकेतच झुगारले. त्या शिव्यांमागची करुणा ओळखायला मराठी समीक्षेला वेळ लागला.

आजचे स्थान : महाराष्ट्रातील शाळांच्या मूल्यशिक्षणात श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता आणि राष्ट्रीय एकात्मता ही दहा मूल्ये आली. सकाळच्या परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष यांबरोबर बोधकथा सांगितली जाते. तात्पर्य ठाऊक असलेला वर्ग कथेच्या मध्यावरच चुळबुळ करू लागतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. लालबाग-परळच्या चाळींच्या तोंडाशी खडूने सुविचार लिहिण्याचे फळे असत. आता तोच मजकूर फुलांच्या चित्रासह मोबाइलवर फिरतो, आणि बऱ्याचदा ज्याने तो लिहिला नाही अशा थोर व्यक्तीच्या नावावर.

पूर्वीच्या तात्पर्याच्या जागी बालभारतीच्या अलीकडच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायांत ‘स्वमत’ हा प्रश्नप्रकार आला आहे. पात्राच्या वागण्याविषयी विद्यार्थ्याने स्वतःचे मत कारणांसह मांडावे, अशी त्यात अपेक्षा असते. मूळ कल्पना उत्तम आहे. परंतु परीक्षेसाठीच्या गाइडांतून स्वमताचीही तयार उत्तरे मिळतात आणि ती पाठ करून लिहिली जातात. उत्तरपत्रिका तपासताना पाठ केलेल्या उत्तराला आणि अडखळत लिहिलेल्या स्वतःच्या मताला वेगवेगळे गुण द्यायचे कसे, हे ठरवण्याचे काम शिक्षकाकडे उरले आहे.