भातातील कॅडमियम

खाणी, धातू गाळण्याचे कारखाने, सांडपाणी आणि काही फॉस्फेट खते यांच्यामार्फत कॅडमियम हा जड धातू शेतजमिनीत येतो. पिकाला त्याचा काही उपयोग नाही. पण मॅंगॅनीज, जस्त, लोह यांच्यासाठी मुळांत ज्या वाटा असतात, त्याच वाटांनी तो आत शिरतो. मात्रा वाढली की मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात. रोप पेशीतल्या ग्लुटाथायोन या छोट्या रेणूपासून फायटोकिलेटिन नावाची पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारख्या आखूड साखळ्या, तयार करून धातूला बांधते आणि पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत, कोंडून ठेवते. फसगत होते ती इथेच. माणसाला अपाय होईल इतके कॅडमियम दाण्यात साठले, तरी खाचर हिरवेगार दिसू शकते आणि उताराही घटत नाही. त्यामुळे भाताच्या बाबतीत रोपाचा ताण कमी झाला एवढ्याने भागत नाही. धातू दाण्यापर्यंत पोहोचू न देणे हे खरे काम.

याची सर्वांत मोठी किंमत जपानच्या तोयामा प्रांतातील जिंझू नदीकाठच्या गावांनी मोजली. वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतील कॅडमियम नदीत आणि तिथून पाटाच्या पाण्याने खाचरांत उतरले. मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांत बहुतेक प्रौढ स्त्रिया होत्या. वेदनेने त्या जे कण्हत, त्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ हे नाव पडले. 1968 मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. पुढे दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती पसरण्याचे काम हाती घेतले गेले. ते 2012 मध्ये संपले, तोवर तीन दशके उलटली होती. उपाय खात्रीचा, पण इतका खर्च सगळीकडे कोण करणार?

स्वस्त उपाय पाण्याचा आहे. खाचरात पाणी तुंबलेले असले की मातीतला प्राणवायू संपतो, सल्फेटचे सल्फाइड होते आणि कॅडमियम न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. निचरा केला की ते पुन्हा मोकळे होते. दाण्यातल्या कॅडमियमसाठी निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, आसपासचा काळ निर्णायक असल्याने जपानमध्ये निसवण्यापूर्वी 3 आठवडे आणि नंतर 3 आठवडे पाणी टिकवण्याचा सल्ला देतात. अडचण आहे ती आर्सेनिकची. त्याचे वागणे नेमके उलट: तुंबलेल्या पाण्यात लोहाची ऑक्साइडे विरघळतात, त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटते आणि सिलिकॉनच्या वाटेने मुळांत जाते. दोन्ही विषे असलेल्या जमिनीत पाण्याच्या एकट्या हिशेबावर विसंबता येत नाही. आम्ल जमिनीत चुना घालून सामू वाढवल्यानेही कॅडमियमची उपलब्धता घटते, मात्र चुना काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

धातू जमिनीतून काढून टाकायचा, तर तो शोषणारे पीक मुद्दाम घेतात. ‘चोकोकोकु’ ही इंडिका गटातील भाताची जात जपानमध्ये याच कामासाठी वापरून पाहिली गेली. इथे पाणी टिकवायचे नाही, उलट वेळेवर सोडून द्यायचे आणि कापलेले पीक शेताबाहेर न्यायचे.

अलीकडचा महत्त्वाचा टप्पा वाणांचा. कार्बन आयनांचा मारा करून ‘कोशिहिकारी’ या लोकप्रिय वाणात ओएस-एनरॅम्प-5 या जनुकाचे उत्परिवर्तन घडवण्यात आले. त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. हे जनुक मॅंगॅनीजची वाट राखते आणि कॅडमियमही तिथूनच येते. वाट बंद झाल्यावर दाण्यातले कॅडमियम जवळजवळ नाहीसे झाले, उत्पादन व चव मात्र मूळ वाणासारखीच राहिली. हाच गुण घेतलेला ‘अकिताकोमाची आर’ अकिता प्रांतातील शेतकऱ्यांनी 2025 पासून मोठ्या प्रमाणावर लावला. या वाणांना मॅंगॅनीजही कमी मिळते. त्यामुळे मॅंगॅनीजची उणीव असलेल्या जमिनीत ते पानांवरील तपकिरी ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडू शकतात, आणि तिथे खताची वेगळी काळजी घ्यावी लागते.