काढलेले मूळ पार्ट: काय विकावं, काय माळ्यावर टाकावं

गाडीत बदल करण्याचं काम झालं की तिच्यातून निघालेले मूळ पार्ट आम्ही खोक्यात भरून तुमच्या ताब्यात देतो. खाली उदाहरण स्कोडाच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएस गाडीचं घेतलं आहे.

सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) विकू नका, कितीही चांगला भाव आला तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनासारखा बदल चालत नाही; कलम १८२अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. मूळ सेट हाताशी असला तर गाडी पूर्ववत करता येते.

सगळ्यात लवकर जातात ती मॅगव्हील (अलॉय चाकं), आणि सगळ्यात जास्त परतही तीच येतात. फोटोबरोबर पीसीडी (बोल्टची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) ५×११२, सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१ मिमी, आणि आतल्या बाजूला कोरलेली रुंदी व ईटी (चाकाच्या मध्यापासून बसण्याच्या पृष्ठभागाचं अंतर) लिहा. फोक्सवॅगन पोलोची पीसीडी ५×१०० असते. फोटोत फरक कळत नाही, चाक मात्र बसत नाही. खड्ड्याने वाकते ती आतली कड, जी समोरून दिसत नाही. म्हणून आधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या.

बोल्ट चाकांसोबतच द्या. मूळ बोल्टची बैठक (चाकाला टेकणारा भाग) गोल असते, दुसऱ्या कंपन्यांच्या बहुतेक चाकांना ६० अंशांची शंकूसारखी लागते. अदलाबदल झाली तर बोल्ट जेमतेम कडेवर टेकतो आणि चालता चालता ढिला होतो. लॉक बोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टची) चावी विसरू नका (ती नेहमी स्टेपनीखालीच राहते).

टायरवर डीओटी (कडेवर छापलेला कोड) याचे शेवटचे चार आकडे पाहा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. जुनाट टायरचे पैसे मागून चाकांचा भाव पाडू नका.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) बसवताना जुने टॉप माउंट (शॉकअप वर बॉडीला जोडणारे भाग) बहुधा नव्यावर जातात. तसं झालं असेल तर 'टॉप माउंटशिवाय' असं स्पष्ट लिहा. रॉडपाशी तेल ओघळलेला शॉकअप भंगारातच द्या. ब्रेक डिस्कची जाडी मोजा. कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आली असेल तर तीही भंगारात.

पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा, कारण आवृत्ती त्या अक्षरावरून कळते. एअरबॅग विकायची नाही, कुरिअरने पाठवायची तर मुळीच नाही. आत स्फोटक असतं.

पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागणारा गिऱ्हाईक नव्हे.