मेनोनाइट कथा-काव्य-गायन संध्या

कॅनडा व अमेरिकेतील मेनोनाइट ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभागृहात, महाविद्यालयात किंवा स्थानिक संग्रहालयात भरणारा कथाकथन, काव्यवाचन आणि सामूहिक गायन यांचा सायंकालीन कार्यक्रम. त्याला ठरलेला विधी नाही, मात्र त्यामागची परंपरा सुमारे पाच शतकांची आहे.

मेनो सिमन्स (१४९६–१५६१) या नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातील कॅथलिक धर्मगुरूने १५३६ मध्ये पुरोहितपद सोडले. त्याच्या नावावरून हा पंथ ओळखला जातो. प्रौढपणी स्वेच्छेने घ्यायचा बाप्तिस्मा आणि शस्त्र न उचलण्याचा निर्धार यांमुळे कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनी या लोकांचा छळ केला. त्यांच्या आद्य कथा आणि आद्य गीते त्या छळातूनच आली. जर्मनीतील पासाऊच्या किल्ल्यात डांबलेल्या बंदिवानांनी रचलेली गीते ‘आउसबुंड’ या संग्रहाचा गाभा ठरली आणि याच परंपरेतून निघालेल्या आमिश पंथाचे लोक ती आजही गातात. कथांमध्ये डर्क विलेम्सची कथा सर्वांत परिचित आहे. १५६९ मध्ये नेदरलँड्समधील आस्पेरन येथे तो कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत असता पाठलाग करणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क मागे फिरला, त्याला हात देऊन वर काढले, पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. यान लाउकेन या डच चित्रकाराने कोरलेले या प्रसंगाचे चित्र १६८५ पासून मेनोनाइट घरांत पाहिले जात आहे.

हुतात्म्यांच्या कथांना मान असला तरी कल्पित साहित्याकडे आणि उपासनेतील वाद्यांकडे हा समाज दीर्घकाळ संशयाने पाहत आला. वाद्य नसल्याने सारा भार गळ्यावर आला आणि चार स्वरपट्ट्यांत, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, साथीविना गाणे ही मंडळीतल्या सामान्य माणसाचीही सहज येणारी विद्या झाली. रशियन साम्राज्यात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, १७८९ पासून वसलेल्या मेनोनाइटांनी १ ते ७ या अंकांची स्वरलिपी वापरली. आपल्या सरगमप्रमाणेच तीत आधारस्वर कोठेही धरता येतो. त्यांच्यातील अनेक जण १८७४ पासून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात आले. त्यांची प्रवचनाची भाषा प्रमाण जर्मन, तर घरची आणि शेतावरची भाषा प्लाउटडीच ही जर्मन बोली. विनोदी गोष्टी या घरच्या बोलीतच रंगतात. लेखक आर्नोल्ड डिक (१८८९–१९७०) यांनी तिला लिखित साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले. अशा गोष्टींना फास्पा, म्हणजे जोडपाव, चीज, जॅम आणि कॉफी असा दुपारचा हलका फराळ, फार शोभतो.

आधुनिक लेखनाचा स्वीकार मात्र सुखाने झाला नाही. १९६२ मध्ये रूडी वीब यांची पहिली कादंबरी निघाली आणि मेनोनाइट खेड्याचे तिच्यातील परखड चित्र इतके झोंबले की मेनोनाइट ब्रदरन या उपपंथाच्या मंडळ्यांच्या नियतकालिकाचे संपादकपद त्यांना सोडावे लागले. १९८० च्या दशकात पॅट्रिक फ्रीसन, डी ब्रँट आदी कवींनी बहिष्कार, घरातील धाक आणि स्त्रीचे मौन यांवर लिहिले. समाजाला जाब विचारणारी कविता आणि समाजाला एकत्र बांधणारे गीत एकाच छपराखाली ऐकू येणे, हेच अशा संध्येचे खरे मोल होय.

गायनात श्रोता आणि गायक असा भेद उरत नाही. ‘६०६’ या नावाने ओळखले जाणारे स्तुतिगीत अनेकांना पुस्तकाविना येते: आरंभी सारे एकत्र, पुढे एक स्वरपट्टी दुसरीचा पाठलाग करते आणि अखेरीस ‘आमेन’वर सगळ्या पुन्हा भेटतात. १९६९ च्या गीतपुस्तकात त्याचा क्रमांक ६०६ होता; १९९२ च्या पुस्तकात तो ११८ झाला, तरी लोकांच्या तोंडी जुनाच आकडा राहिला. त्याच १९९२ च्या पुस्तकात मराठी ख्रिस्ती गीतकार कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या समर्पणगीताचे इंग्रजी भाषांतर समाविष्ट आहे.